आधी जाणारं, मग थांबणारं: शाई आणि जलरंगात रोजचं स्केच कसं करायचं

चहाच्या टपरीचं पहिलं स्केच करायला बसले तेव्हा मी सुरुवात छपरापासून केली होती. पत्र्याच्या पन्हळी एकेक करून काढल्या, वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून वर ठेवलेली वीट काढली, बांबू काढले, पाटी काढली आणि पंचवीस मिनिटांनी मान वर केली तर ज्या आजोबांसाठी मी तिथे बसले होते, बशीत चहा ओतून फुंकर मारत पिणारे, ते कधीच उठून गेले होते. छप्पर मात्र अजून तिथेच आहे. वीटसुद्धा.

त्या दिवसापासून माझा एक नियम झाला, जे जाणार आहे ते आधी काढायचं, जे थांबणार आहे ते नंतर. शाई, रंग, कागद, दृष्टिरेषा हे सगळं या एका नियमाभोवती नीट बसतं. रोजच्या दृश्याचं स्केच म्हणजे मोठं चित्र लहान आकारात करणं नाही, त्याचा क्रमच वेगळा असतो. खाली मी सामानापासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत सगळं लिहिलंय, वाचत वाचत बाजूला वही घेऊन करून बघा.

कागद आणि वही

पैसे मोजकेच असतील तर ते कागदावर घाला, रंगांवर नाही. झेरॉक्सचा कागद साधारण ७५ जीएसएमचा असतो, जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. त्यावर पाणी पडलं की तो पापडासारखा वर-खाली होतो आणि रंग खळग्यांत जाऊन साचतो. रेषा मुख्य आणि वरून हलका एकच वॉश, म्हणजे पाण्यात पातळ करून पसरवलेल्या रंगाचा थर, असं काम असेल तर २०० जीएसएम पुरतो. मोकळ्या हाताने पाणी वापरायचं असेल तर ३०० घ्या. कोल्ड प्रेस म्हणजे थोडा खरखरीत, हॉट प्रेस म्हणजे इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत. फार खरखरीत कागदावर बारीक पेन अडखळतं आणि अगदी गुळगुळीत असेल तर रंग वर तरंगल्यासारखा राहतो, म्हणून बारीक दाण्याचा कोल्ड प्रेस मला रोजच्यासाठी बरा वाटतो. शंभर टक्के कॉटनचा कागद सुंदर असतो, पाणी धरून ठेवतो, पण महाग पडतो आणि महागाच्या वहीत हात आखडतो. रोजच्या वहीला साधा सेल्युलोजचा, म्हणजे लाकडाच्या लगद्याचा कागद चालतो, फक्त त्यावर एकाच जागी तीन-तीन वेळा ब्रश फिरवायचा नाही, खालचा रंग उचलला जातो.

हातकागद वापरायचा असेल तर आधी तपासा. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० सालापासूनची, कापडाच्या चिंध्यांपासून कागद करतात, बघायला जाण्यासारखी जागा आहे. पण हातकागद हातकागदात फरक असतो. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब थोडा वेळ मण्यासारखा बसून राहिला तर कागदाला खळ नीट दिलेली आहे, रंग वर राहील. ठेवल्याबरोबर टिपकागदासारखा पिऊन टाकला तर त्यावर शाईसुद्धा फुटेल, तो कागद कोलाजला ठेवा.

वही घरी करता येते आणि मी तेच सुचवेन. जलरंगाचा पूर्ण शीट २२ बाय ३० इंचांचा असतो. त्याचे आठ समान तुकडे केले की प्रत्येक तुकडा ११ बाय साडेसात इंचांचा होतो, तो मधोमध दुमडला की साडेपाच बाय साडेसातचं पान मिळतं, म्हणजे एका शीटमध्ये बत्तीस पानी वही. दोन-दोन तुकडे एकात एक घालून चार जुड्या करा, दाभणाने घडीवर भोकं पाडा आणि जाड दोऱ्याने शिवा. पुठ्ठा जुन्या कॅलेंडरचा चालतो. मुख्य म्हणजे वही पूर्ण उघडून सपाट बसली पाहिजे, नाहीतर घडीजवळ रंगाचं डबकं होतं.

पेन आणि शाई

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. पेनवर वॉटरप्रूफ लिहिलंय म्हणून मी एका दुकानातून पेन आणलं, अख्खं स्केच केलं, ब्रश फिरवला आणि माणसाच्या चेहऱ्यावरून काळं पाणी ओघळत गळ्यापर्यंत गेलं. तेव्हापासून कुठलंही पेन असो, मी चाचणी केल्याशिवाय वापरत नाही. ज्या वहीत काम करायचंय त्याच कागदावर तीन रेघा मारा, एकीवरून एक मिनिटाने ओला ब्रश फिरवा, दुसरीवरून पाच मिनिटांनी, तिसरीवरून अर्ध्या तासाने. कुठली रेघ हलली नाही ते पानावरच लिहून ठेवा. ही चाचणी कागद बदलला की पुन्हा करायची, कारण खळ जास्त असेल तर शाई वरच राहते आणि वाळायला वेळ लावते.

पिगमेंट इंकची, म्हणजे वाळल्यावर सहसा पाण्याने न हलणाऱ्या शाईची, बारीक टोकाची फाइनलायनर पेनं, मायक्रॉन, युनिपिन वगैरे, आपल्याकडे सहज मिळतात. मायक्रॉनच्या ०१ नंबरची रेघ ०.२५ मिलीमीटरची आणि ०५ नंबरची ०.४५ ची असते. हे दोन नंबर घेतले की झालं. ०१ ने लांबचं आणि बारीक, ०५ ने जवळचं. अजून बारीक पेन सुरुवातीला घेऊच नका, बारीक टोक मिळालं की आपण विटा मोजायला लागतो.

फाउंटन पेनमध्ये वॉटरप्रूफ शाई भरायची असेल तर ती फाउंटन पेनसाठीच बनवलेली पिगमेंट शाई पाहिजे. बाटलीत मिळणारी जाड काळी ड्रॉइंग इंक, जी बोरूने किंवा टाकाने वापरतात, ती पेनात घालू नका, आत वाळून पेन कायमचं बसतं.

आता शाळेतली शाई. कॅम्लिनची सुरुवातच शाईपासून झाली, १९३१ साली दांडेकरांनी मुंबईत शाईच्या पुड्या आणि वड्या करायला घेतल्या होत्या, हॉर्स ब्रँड नावाने. आपल्यापैकी बहुतेकांची बोटं शाळेत त्याच घरच्या शाईने निळी झालीत. फाउंटन पेनची ती साधी शाई पाण्यात विरघळते आणि हीच तिची खुबी आहे. रेघेवरून नुसता ओला ब्रश नेला की निळसर सावली आपोआप तयार होते. रंग जवळ नसतील त्या दिवशी एक पेन आणि एक ओला ब्रश, एवढ्यात स्केच होतं. फक्त मग वर पिवळा-लाल चढवायचा नाही.

रंग, ब्रश आणि बाकीची पिशवी

सहा रंग घ्या. लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्रिमसन, अल्ट्रामरीन आणि थॅलो ब्लू. काळा नको, पांढराही नको. पोस्टर कलर तर अजिबात नको, तो अपारदर्शक असतो, खालची रेघ झाकून टाकतो. मुलांच्या स्वस्त वड्यांमध्ये भर जास्त असते, रंग वाळला की खडूसारखा दिसतो. आर्टिस्ट दर्जाच्या लहान ट्यूब घेतल्या, कॅमलच्या घेतल्या तरी चालतात, आणि रिकाम्या छोट्या पॅनमध्ये, म्हणजे रंगाच्या चौकोनी वाटीत, पिळून दोन दिवस वाळवल्या की खिशात मावणारी पेटी तयार होते. गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत मस्त बसतात.

आपल्याकडची मिश्रणं एकदा वहीच्या शेवटच्या पानावर करून ठेवा, मग रस्त्यात शोधावी लागत नाहीत. अल्ट्रामरीन अधिक बर्न्ट सिएना, हे जोडपं सगळ्यात कामाचं. निळा जास्त तर पावसाळी ढग, समसमान तर डांबर, सिएना जास्त तर जुनं लाकूड आणि दोन्ही दाट घेतले तर जवळपास काळा. चहाला बर्न्ट सिएनात थोडा ऑकर आणि उजेडाच्या बाजूला नुसता ऑकर. कडुनिंबाच्या पानाला लेमन यलोत थॅलो अगदी सुईच्या टोकाएवढा, हा थॅलो फार जोरकस असतो, आणि हिरवा भडक झाला की चिमूटभर सिएना घालून शांत करायचा. कोकणातल्या जांभ्याच्या भिंतीला सिएना आणि क्रिमसन, ओल्या असतानाच मधे मधे निळ्याचा थेंब सोडायचा. आपल्या माणसांच्या कातडीला दुकानातला स्किन कलर कधीही लागू होत नाही, ऑकर आणि सिएनाचा हलका वॉश द्या आणि सावलीच्या बाजूला त्यातच अल्ट्रामरीन मिसळा. काळीसावळी त्वचा उन्हात निळसर चमकते, ती चमक म्हणजे कोरा सोडलेला कागद.

ब्रश दोन. गोल ८ नंबर आणि गोल ४ नंबर, सिंथेटिक चालेल, पण ओला केल्यावर टोक यायला हवं. पाण्याची टाकी असलेला वॉटरब्रश बाटली ठेवायला जागा नसेल तिथे सोयीचा, पण मोठ्या वॉशला तो पुरत नाही. पाण्याला झाकणाची बाटली, पुसायला जुन्या बनियनचा तुकडा, पानं धरायला दोन चिमटे. एवढंच. पिशवी जड झाली की ती घरीच राहते.

आता टपरीवर

समजा पुण्यात मंडईच्या मागच्या अंगाला एक टपरी आहे आणि सकाळचे साडेआठ झालेत. आधी चहा घ्या आणि चहा संपेपर्यंत पेन काढू नका. बघा फक्त. इथे नेमकं काय घडतंय? माझ्या टपरीवर दर पाच-सात मिनिटांनी एक गोष्ट घडते, चहावाला पातेलं डाव्या हातात सांडशीने उचलतो, उजव्या हातात गाळण्याचं कापड किटलीवर धरतो आणि वरून धार सोडतो, त्या वेळी त्याचा डावा खांदा वर जातो, मान उजवीकडे कलते आणि मागे उभी असलेली माणसं वाफेत अर्धी पुसली जातात. हे माझं चित्र. बाकी सगळं याच्या सोबतीला.

मग वहीच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढी चौकट काढा आणि त्यात नुसत्या ढोबळ आकारांनी ठरवा, काळोखाचा मोठा तुकडा कुठे, उजेडाचा कुठे, माणूस कुठे. डोळे बारीक करून बघितलं की तपशील जातात आणि तेवढंच उरतं. अशा दोन-तीन चौकटी, प्रत्येकीला मिनिटभर. हे टाळलं की पुढे पातेलं पानाबाहेर जातं.

त्यानंतर पानावर एक अगदी फिकट आडवी रेघ, पेन्सिलने चालेल. ही तुमच्या डोळ्यांची पातळी. सपाट रस्त्यावर तुम्ही उभे असाल तर तुमच्याएवढ्या उंचीच्या सगळ्या माणसांचे डोळे याच रेघेवर येतात, जवळचा असो की शंभर पावलांवरचा, फक्त लांबच्याचे पाय वर संपतात. तुम्ही बुटक्या स्टुलावर बसलात तर ती रेघ उभ्या माणसांच्या कमरेच्या आसपास येते आणि सगळ्यांच्याच येते. एवढं एक कळलं की गर्दी आपोआप जमिनीवर उभी राहते, हवेत तरंगत नाही. माझी कितीतरी पानं फक्त या एका रेघेने सुधारली.

आता पेन. जाणारं आधी. गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबतं, कटिंग संपली की गेलं. त्याच्यासाठी वीस-तीस सेकंद. डोकं म्हणजे लहान अंडाकृती, त्याच्याखाली खांद्याची तिरकी रेघ, मग वजन ज्या पायावर आहे त्या पायाची एक सरळ रेघ जमिनीपर्यंत. डोक्याच्या बरोबर खाली तो पाय आला की माणूस पडत नाही. दुसरा पाय सैल. हात नंतर. डोकं हमखास मोठं होतं, म्हणून ठरवून लहान काढा, उभ्या माणसाच्या उंचीत साधारण सात डोकी मावतात. नाक-डोळे काढू नकाच, टोपी, पगडी, वेणी, पदर, खांद्यावरची पिशवी, यातून माणूस ओळखू येतो. चित्रकार धुरंधरांनी मुंबईतल्या रोजच्या माणसांची जी पोस्टकार्डं केली ती मिळाली तर बघा, धंदा, घाई, तोरा सगळं उभं राहण्यात आणि नेसण्यात आहे, चेहऱ्यापर्यंत जावंच लागत नाही. नऊवारीचा काष्टा कुठे ताणलाय आणि कुठे सैल पडलाय एवढ्यावरून ती बाई पाऊल टाकतेय की थांबलीय ते कळतं.

माणूस अर्ध्यात गेला तर? जाऊ द्या. अर्धा राहिलेला तसाच ठेवा आणि शेजारी दुसरा सुरू करा. टपरीवर उभं राहण्याच्या तऱ्हा चार-पाचच असतात, थोड्या वेळाने कोणीतरी तसाच येऊन उभा राहतो, मग आधीच्याचं धड आणि याचे पाय. चहावाल्याचं मात्र तेच तेच परत घडतं, पहिल्या धारेला खांदे आणि मान, दुसऱ्या धारेला हात, तिसऱ्या धारेला सांडशीची पकड. मी हातासाठी तीन चहाचे घाणे थांबते. सांडशीच्या दोन्ही दांड्या मुठीत कशा येतात, अंगठा वर कसा असतो आणि पातेलं जड असल्याने मनगट कसं खाली झुकतं, हे नुसतं आठवणीने काढता येत नाही.

माणसं झाली की हलणाऱ्या वस्तू, म्हणजे किटली, ग्लास, क्रीमरोलची बरणी. गोल तोंडाच्या भांड्यांचं एक सूत्र आहे, डोळ्यांच्या पातळीवर असलेली कड सरळ रेघ दिसते आणि वस्तू जितकी खाली तितकी कड गोल होत जाते. म्हणजे एकाच ग्लासाचं तळ तोंडापेक्षा जास्त गोल दिसतं. नवशिके तळाला सरळ रेघ मारतात आणि ग्लास कापल्यासारखा दिसतो.

सगळ्यात शेवटी थांबणारं, म्हणजे पत्रा, बांबू, फळ्या, पाटी. इथे हात आवरायचा. पत्र्याच्या पन्हळी एका टोकाला चार-पाच दाखवा, पुढे सोडून द्या, बघणाऱ्याचा डोळा भरून काढतो. पाटी लिहायची तर अक्षरं एकेक काढत बसू नका. आधी शिरोरेखा ओढा, पाटी तिरकी दिसत असेल तर शिरोरेखाही त्याच तिरकस, मग अक्षरं तिला दोरीवरच्या कपड्यांसारखी लटकवा. काना आणि उभे दांडे बांबूशी समांतर राहिले की झालं. ‘अमृततुल्य’ मधला ‘तु’ चा उकार आणि ‘ल्य’ ची जोडणी खाली-मधे बरोबर बसली की बाकी फटकारा असला तरी वाचता येतं. देवनागरी पाट्या काढायला फार छान असतात आणि त्या आल्या की पान आपल्या गावचं दिसतं.

मागे मंडईचा मनोरा दिसतो. ही इमारत १८८६ सालची, तेव्हाचं नाव रे मार्केट, मधे अष्टकोनी मनोरा आणि भोवती आठ हात पसरलेले. मन होतं सगळं काढायचं, पण आजचं चित्र टपरीचं आहे. अशा वेळी लांबच्या गोष्टीला पेन लावायचंच नाही. टोकदार छपराचा नुसता आकार, निळसर राखाडी, एकाच फिकट वॉशमध्ये. रेघ असलेलं पुढे येतं आणि बिनरेघेचं मागे जातं, हवेचं अंतर यातून मिळतं.

रंग चढवताना

पेनची चाचणी केली असेल तर तेवढी मिनिटं थांबा. या वेळात सगळ्यात काळोख्या जागा पेनने भरून घ्या, फळीखालचा अंधार, स्टोव्हमागची पोकळी. काळा एकसंध ठेवा, पानभर जाळी मारू नका, नाहीतर रंगाला काही काम उरत नाही.

रंग किती पातळ करायचा हे मी स्वयंपाकघरातून लक्षात ठेवते, सार, वरण आणि पिठलं. पहिला वॉश सारासारखा, जवळजवळ पाणीच. दुसरा वरणासारखा. शेवटचे चार-पाच ठिपके पिठल्यासारखे. जलरंग वाळला की फिका होतो, म्हणून ओला असताना थोडा जास्त गडद वाटला तरी घाबरू नका.

पहिला वॉश ८ नंबरच्या ब्रशने, ब्रश भरून, वही किंचित तिरकी धरून. वेगवेगळ्या वस्तूंच्या आत आत रंगवायचं नाही, उजेड जिथे पडलाय तिथला कागद कोरा सोडायचा आणि बाकी सगळ्यावरून हा हलका वॉश वाहत न्यायचा, पत्र्याकडे निळा, लाकडाकडे ऑकर, जमिनीकडे सिएना, कडेला रंग एकमेकांत शिरले तर शिरू द्या. रेषेने आकार आधीच धरून ठेवलाय, रंगाने परत तेच करायची गरज नाही. शाई आणि जलरंगाच्या जोडीत मला हेच सगळ्यात प्रिय आहे, रंग रेघेबाहेर गेला की चित्र श्वास घेतं.

वाफेची जागा सुरुवातीपासून कोरी ठेवा. तिच्याभोवती गडद रंग लावला की लगेच, वाळायच्या आत, स्वच्छ ओल्या ब्रशने कड विरवा, एका बाजूची विरवा आणि दुसरी तशीच राहू द्या. दोन्हीकडून विरवली तर वाफेऐवजी धुकं दिसतं.

वाळलं की नाही हे बोटाच्या मागच्या बाजूने बघा, गार लागलं तर आत ओल आहे. पूर्ण वाळल्यावर दुसरा वॉश, तो फक्त सावलीचा. अल्ट्रामरीन आणि थोडा सिएना. सकाळी साडेआठला ऊन पूर्वेकडून तिरकं येतं, सावल्या लांब पश्चिमेकडे जातात, ती दिशा आधीच पानाच्या कडेला बाणाने लिहून ठेवलेली असावी कारण तासाभरात ऊन सरकतं आणि आपण नकळत दोन वेगळ्या वेळांच्या सावल्या रंगवतो. छपराखालची सावली, माणसांच्या पाठी, जमिनीवर पडलेल्या सावल्या हे सगळं एकच सलग आकार आहे असं समजून ब्रश न उचलता लावा. माणसं जमिनीला जोडली जातात.

मग ४ नंबर, दाट रंग. केसांचा गडद ठिपका, किटलीच्या मुठीखालची रेघ, ग्लासातला चहा. कुठेतरी एकच लाल, एखादा पदर किंवा प्लॅस्टिकचा मग, तो मुख्य माणसाच्या जवळ. आणि थांबा. अजून काहीतरी राहिलंय असं वाटत असताना थांबायचं.

वहीत शब्द हवेतच. तारीख, वेळ, जागा आणि कानावर पडलेलं एखादं वाक्य. माझ्या एका पानावर लिहिलंय, ‘दोन कटिंग, एक बिनसाखरेचा, त्यांना डॉक्टरने सांगितलंय.’ ते वाचलं की मला तो आवाज ऐकू येतो, नुसत्या चित्राने आला नसता.

बिघडलं तर

ओल्या वॉशमध्ये पाण्याचा थेंब पडला की कोबीसारखी कड उमटते. लगेच दिसलं तर ब्रश पिळून कोरडा करा आणि जादा पाणी टिपून घ्या, अर्धवट वाळल्यावर हात लावू नका, अजून पसरतं. रंग मातकट झाला तर कारण बहुतेक वेळा एकच, तीनपेक्षा जास्त रंग मिसळले किंवा पाणी बदललं नाही. पांढरी जागा हरवली तर पांढरं जेल पेन आहे, पण ते ग्लासाच्या एका चमकेपुरतं. आणि रेघच चुकली तर खोडू नका, शेजारी बरोबर रेघ मारा, दोन्ही ठेवा. हलत्या माणसाला दुहेरी रेघ शोभते.

ऋतूप्रमाणे थोडं वेगळं करावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पुण्यात किंवा विदर्भात वॉश लावता लावता कड वाळते, तेव्हा कागद आधी नुसत्या पाण्याने ओला करून घ्या आणि सावलीत बसा. जुलैमध्ये मुंबई-कोकणात उलट, अर्धा तास झाला तरी पान गारच. तेव्हा दोन पानांवर आलटून पालटून काम करा, वही मिटण्याआधी मधे साधा कागद घाला, नाहीतर पानं चिकटतात. आणि वही कपाटात कोंडू नका, दमट हवेत खळ खराब होते, मग त्या कागदावर रंग डागाडागाने बसतो. काही परदेशी रंगांत मध असतो, ते पावसाळ्यात नीट वाळत नाहीत आणि मुंग्या लागतात, माझ्या पेटीला लागल्या होत्या, तेव्हापासून पेटी घट्ट झाकणाच्या डब्यात.

लोकांमध्ये बसताना

संकोच सगळ्यांना वाटतो. मी आधी विचारते, ‘दादा, इथे बसून जरा चित्र काढू का?’ नाही म्हणणारा क्वचित भेटतो. गिऱ्हाइकाची वाट अडवायची नाही, चहा विकत घ्यायचा, आणि चित्र झालं की दाखवायचं. भाजीवाल्या मावशींचं चित्र काढताना सकाळची पहिली विक्री, भवानी, होऊ द्या आणि मगच बसा, त्याआधी मधे मधे केलेलं त्यांना आवडत नाही आणि ते बरोबरच आहे. कोणी नको म्हटलं तर पान उलटा, माठ काढा, तराजू काढा. मागे माणसं जमली तर एखाद्या कानात इअरफोन घातला की प्रश्न कमी येतात, पण लहान मुलांना मात्र उत्तर द्या.

लोकलमध्ये किंवा एसटीत रंग काढूच नका. फक्त पेन, आणि रंगांच्या खुणा अक्षरांत, ‘नि’, ‘पि’, ‘भगवा-फिका’ असं छोटं छोटं आकारांच्या आतच लिहायचं, घरी येऊन त्याच संध्याकाळी रंगवायचं. दुसऱ्या दिवसावर ढकललं की साडीचा रंग आठवत नाही.

एकट्याने बाहेर बसवत नसेल तर सोबत शोधा. जागेवर बसून स्केच करणाऱ्यांची अर्बन स्केचर्स ही चळवळ २००७ साली सिएटलमधून सुरू झाली आणि आता मुंबई-पुण्यातही तिचे गट आहेत, दहा जण वही उघडून बसले की लोक एकट्या तुमच्याकडे बघत नाहीत.

आणि पावसात अडकलात तर घरचा ओटा आहेच. कुकरची शिट्टी, ताटाळ्यातली ताटं, परातीत मळलेली कणीक. तिथेही क्रम तोच, आई किंवा बाबा जे कोणी पोळ्या लाटतंय ते आधी, भिंतीवरच्या टाइल्स नंतर, जमलं तर. तव्यावरची पोळी फुगलेली असते तेवढी चार-पाच सेकंदं, तर पेन आधीपासून टोपण काढून हातात ठेवा.

पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास धरा. तीन दिवस नुसती माणसं पेनने, रंग नाही. दोन दिवस भांडी आणि एकच वॉश. सहाव्या दिवशी टपरी, पूर्ण. सातव्या दिवशी त्याच टपरीवर, त्याच वेळी, त्याच स्टुलावर, पण या वेळी दुसऱ्या माणसासाठी. समोरचं पान कोरं ठेवा. जूनमध्ये त्या पत्र्यावर निळी ताडपत्री चढते, खालचा उजेड सगळा निळसर होतो आणि चहावाला आत सरकून बसतो, ते त्या पानावर काढायचं.